ललिताक्का आणि बर्फाचा हौद

जुन्या मेटाडोरमध्ये ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध इंजिन असतं. त्याच्यावर पत्र्याचं झाकण, आणि झाकणावर आमच्यासारखे ड्रायव्हर एखादी जुनी गोधडी टाकतात. उन्हाळ्यात सगळे त्या झाकणाला शिव्या घालतात. थंडीत मात्र त्याच्या शेजारच्या सीटवरून भांडणं होतात.

मी शमशुद्दीन, मंगळवार पेठेतला. पेठेतून आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतून बायका गोळा करायच्या, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सोडायच्या आणि पाळी सुटली की परत आणायच्या, हे काम मी बरीच वर्षं केलं. पंचतारांकित हे नाव ऐकून मला आधी वाटलं होतं, तिथं मोठमोठी हॉटेलं असतील. बघतो तर माळ, वारा आणि नवे नवे पत्र्याचे शेड. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. त्यातल्या एका शेडमध्ये मटार आणि मक्याचे दाणे गार करून, गोठवून पिशव्यांत भरायचे. त्या कारखान्याला कामगार नुसतं ‘कोल्ड’ म्हणत. फलाणी कोल्डात कामाला आहे म्हटलं, की तिच्या हातांकडं बघायची गरज राहत नसे.

ललिताक्का त्यातलीच. उंच, काटक, आणि तोंड म्हणाल तर तोफ. नवरा जयसिंग मार्केट यार्डात हमाल होता. पाठीवर पोतं घेताना घसरला आणि कायमचा घरी बसला. तेव्हापासून भाकरी तो थापायचा आणि मिळवून ती आणायची. पदरात एकच मुलगी, प्रीती, तेव्हा शाळेत होती. वयानं आम्ही बरोबरीचेच, पण मी तिला आक्का म्हणायचो. तिच्यापुढं धाकटं राहिलेलं सोयीचं पडायचं.

इंजिनाजवळच्या सीटसाठी बाकीच्या बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी राहायच्या, पण ललिताक्का कधी तिथं बसली नाही. ती मागच्या खिडकीशी बसायची, जिची काच वर्षानुवर्षं अर्धीच वर यायची.

"आक्का, वारं लागंल," मी म्हणायचो.

"लागू द्या की. मला काय गार लागत न्हाय."

आता हे माझ्या डोक्यात काही बसायचं नाही. माझी बायको मलिका दिवाळी झाली की स्वेटर अंगात घालते, तो होळीला उतरवते. मी पंखा लावायचा आणि तिनं बंद करायचा, यावरच आमचा अर्धा संसार झाला. गाडीतल्या बायकांचंही तेच. घाटगे मळा ओलांडला की सगळ्यांची डोकी पदरात गुंडाळलेली. मग याच बायकांना कोल्डात पाऊल टाकल्यावर गार लागायचं बंद कसं होतं? मला हे कोडं होतं. पण ड्रायव्हरला कोडी सुटली काय आणि न सुटली काय, गाडी वेळेवर लागली म्हणजे झालं.

कोल्डात एक लांबलचक हौद होता, बर्फाच्या पाण्याचा. वाफवलेले दाणे त्यात पडायचे आणि गार व्हायचे. हौदाच्या कडेला उभं राहून टरफलं, काड्या, काळे पडलेले दाणे हातानं वेचून काढायचे. मोजे घातले तर दाणा चिमटीत येत नाही, म्हणून उघड्या हातांनी. सुरुवातीला तिथं अर्धी पाळी गडी उभे राहायचे आणि अर्धी पाळी बायका. तेवढ्यात दुसऱ्यांनी बाहेर ऊब घ्यायची, चहा प्यायचा. वाईट होतं, पण निभत होतं.

ते मोडलं खंडेनवमीला.

त्या दिवशी सगळ्या कारखान्यांत यंत्रांची पूजा असते. मशिनी धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या, नारळ फुटला होता, पेढे वाटून झाले होते. ललिताक्का बौद्ध. पूजा चालली की ती दाराशी उभी राहायची आणि पेढा आला की पुढं व्हायची. कुणीतरी चिडवलं तर म्हणायची, "मी हात जोडत न्हाय, पण पेढ्यानं माझं काय घोडं मारलंय?" दुसऱ्या दिवशी पांढरं लुगडं नेसून विहारात जायची आणि तिथली खीर कोल्डातल्या सगळ्यांसाठी डब्यातून आणायची.

काम बंद, लोक मोकळे, आणि हौद बर्फानं भरलेला. सुपरवायझर सयाजी हौदाच्या काठावर बसला होता. माणूस वाईट नव्हे, पण त्याला लोकांना काड्या लावल्याशिवाय पेढा गोड लागत नसे. तो म्हणाला, "बायकांस्नी ह्या पान्याचं काय? जलमभर धुण्याभांड्यात हात. गार लागतंय ते गड्यांस्नी."

चिमणाबाई म्हणून एक होती, ती म्हणाली, "व्हय की. तुमाला सोसतंय काय? शिंक आली तरी आठ दिस हातरुनात."

"मग लावता पैज?"

झालं. आमच्या कोल्हापूरच्या माणसाचं हे असं आहे. त्याला उपाशी ठेवा, राबवून घ्या, तो चार शिव्या देऊन गप्प बसेल. पण एकदा का ईर्षेला घातलं, की मग तो स्वतःचं घर जाळून उजेड किती पडला ते बघत बसेल. बायका म्हणाल्या, आमची ललिता. गडी एकमेकांकडं बघायला लागले आणि शेवटी त्यांनी मला, म्हणजे धड कामगारही नसलेल्या ड्रायव्हरला, पुढं ढकललं.

मी बाही वर केली आणि ललिताक्काच्या हाताशेजारी माझा हात मनगटापर्यंत आत घातला. आधी नुसतं गार. मला वाटलं, हात्तिच्या. मग कुणीतरी हाड पकडीत धरून हळूहळू आवळायला लागलं. मग ती कळ कोपरापर्यंत चढली आणि मी ‘या अल्ला’ म्हणून असा हात काढला, की दोन बायकांच्या तोंडावर पाणी उडालं. सगळे हसले. माझ्यामागून आणखी दोघे आले आणि दोघेही हात झटकत गेले. सयाजीसुद्धा घालून बघून, शिवी देऊन मागं झाला. ललिताक्काचा हात तिथंच. तोंडावर काही नाही. एसटीची वाट बघत उभी असावी तशी उभी.

बायकांनी ट्रे बडवले. चिमणाबाईनं तिला उचलायचा प्रयत्न केला. परतताना गाडीत गाणी चालली होती. मी आरशात बघितलं, तर ललिताक्का मागच्या खिडकीशी, हात पदराखाली काखेत दाबलेला, आणि ओठ शिवल्यासारखे मिटलेले.

"आक्का, पुढं या. झाकणावर हात ठेवा जरा."

"कशाला? मला काय झालंय?"

पुढच्या आठवड्यापासून सयाजीनं हौदावर फक्त बायका लावल्या. गडी पेट्या उचलायला गेले, आणि पेट्या गार असतात म्हणून त्यांना हातमोजेही मिळाले. बायका भांडायला गेल्या, तर सयाजी म्हणाला, "सगळ्यांनी डोळ्यानं बगितलंय. आता कुठल्या तोंडानं नगं म्हनताय?" खरंच, कुठल्या तोंडानं म्हणणार? नको म्हणायचं म्हणजे जिंकलेली पैज परत द्यायची. गाडीत चिमणाबाई पुटपुटली, "जिंकून बसलो आनि गळ्यात आली बघ." ललिताक्का म्हणाली, "गप. चार दिसात अंगवळणी पडंल."

ती पैज मग दर खंडेनवमीची रीतच होऊन बसली. नारळ, पेढे आणि हौद. नवे नवे गडी यायचे, हात घालायचे, ओरडायचे. ललिताक्का दर वर्षी जिंकायची, आणि दर वर्षी हौद बायकांच्या गळ्यात आणखी घट्ट बसायचा. लोक तिचं कौतुक करायचे. मला त्या कौतुकाचा राग यायचा, पण राग कुणावर धरावा ते कळायचं नाही.

वर्षं अशीच गेली. गाणी बंद पडली. संध्याकाळी गाडीत चढल्या चढल्या बायका झोपायच्या, तोंडं उघडी, हात काखेत. गाडीला दणका बसला तरी कुणी जागी होत नसे. मीसुद्धा दमत चाललो होतो. मी निदान बसून दमायचो, एवढंच.

ललिताक्काच्या बोटांचं मला आधी जयसिंगनं सांगितलं. म्हणाला, "भाई, हिला तांदळातला खडा गावत न्हाय." दिवसभर दाणे वेचणाऱ्या बाईला खडा सापडेना. गारठा पडला की बोटं मेणबत्तीसारखी पांढरी व्हायची, मग निळी, मग लाल, आणि मग आतून ठणका. विचारलं की ठरलेलं उत्तर, "मला काय झालंय?"

मग एकदा गाडीत मागं जागाच नव्हती, म्हणून ती पुढं बसली. पौषातली थंडी होती. उजळाईवाडीपर्यंत आलो आणि मला कसलातरी वास आला. करपल्यासारखा. मला वाटलं वायर जळली. बघतो तर गोधडी खाली घसरलेली, झाकणाचा पत्रा उघडा, आणि त्या तापलेल्या पत्र्यावर ललिताक्काचा हात. निवांत ठेवलेला.

"आक्का! हात!"

"काय?"

मी गाडी कडेला घेतली, तिचा हात उचलून तिला दाखवला. बोटांच्या टोकांना टरारून फोड आले होते. ती हाताकडं बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा हात असल्यासारखी. इतक्या वर्षांत मी तिला भ्यालेली बघितली नव्हती. त्या दिवशी बघितली.

दुसऱ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं संघप्रिया नावाची तरुण डॉक्टरीण होती. फोड बघितले, बोटं एकेक करून टाचणीनं टोचून बघितली. तिचा गारठ्यानं होणाऱ्या दुखण्यावरच अभ्यास चालला होता, त्यासाठी ती बायकांना आणि पुरुषांना बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावायची. जरा वेळानं तिनं ललिताक्काला विचारलं, भाजलेला नव्हे तो दुसरा हात घालाल का, जपून, थोडाच वेळ? आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, तुम्हीपण या."

मी म्हणालो, "बाई, माझा त्या पान्याशी जुना वैरभाव हाय." पण गेलो.

तिनं समजावलं. हात घातला की, दुखायला लागल्याबरोबर सांगायचं. आणि सोसेनासं झालं की काढायचा. मी जरा थांबून म्हणालो, आता दुखायला लागलं, आणि थोड्या वेळानं काढला. मग ललिताक्काची पाळी. तिचा हात पाण्याला टेकला न टेकला तोच ती म्हणाली, "दुखतंय."

आणि हात तसाच ठेवला.

डॉक्टरीण घड्याळाकडं बघत होती, मग तिच्या तोंडाकडं बघायला लागली. शेवटी तिनं स्वतःच मनगट धरून हात बाहेर काढला आणि टॉवेलात गुंडाळला. "मावशी, लगेच दुखायला लागलं म्हणालात. मग काढला का नाही?"

"सोसत हुतं की."

डॉक्टरीण चिडली नाही. तिच्याजवळ बसून म्हणाली, "गार पाण्यानं बायकांना बहुतेक वेळा पुरुषांपेक्षा लवकर दुखतं आणि जास्त दुखतं. सगळ्यांनाच असं नाही, पण पुष्कळ ठिकाणी तपासून असंच दिसलंय. तुम्हाला दुखत नाही असं नाहीच. अहो, दुखणं म्हणजे शरीर सांगतंय, हात काढ. तुम्ही इतकी वर्षं ऐकलं नाही. आता बोटांची टोकं सांगायचीच बंद झालीत. आणि सवयीनं दुखणं जात नाही, मावशी. बोटं जातात." हौदावर पुन्हा उभं राहू नका, असंही तिनं बजावलं.

परतताना ललिताक्का पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "भाई, तुमाला त्या पयल्या खंडेनवमीला लई दुखलं व्हतं का?"

"बोंबललो की मी. सगळ्या शेडनं ऐकलं."

"मला तुमच्यापरास जादा दुखलं व्हतं."

मला संताप आला. "मग काढायचा की हात! कुनी धरलं व्हतं?"

"सगळे बगत व्हते," ती म्हणाली.

तिनं हौद सोडला आणि पिशव्या बांधायच्या टेबलाला गेली. तिथं पगार कमी. आणि त्या पावसाळ्यात प्रीती बारावी होऊन घरी बसलेली, ती कोल्डात लागली. जयसिंगची औषधं काही कुणासाठी थांबत नाहीत. सयाजीनं पोरीला थेट हौदावर उभं केलं. ललिताक्का तोफेसारखी त्याच्यावर गेली. तो शांतपणे म्हणाला, "आक्का, तुझीच लेक हाय. तिला काय गार लागतंय?"

तोफ तिथंच थंड झाली. हे उत्तर तिनंच त्याला इतकी वर्षं दर खंडेनवमीला दिलं होतं.

रोज संध्याकाळी प्रीती गाडीत चढायची आणि आईशेजारी जाऊन मागच्या खिडकीशी बसायची. मी म्हणायचो, पुढं ये गं, झाकणाजवळ. "नगं मामा, मला काय गार लागत न्हाय." ते ऐकून ललिताक्का खिडकीबाहेर तोंड करायची.

दसरा जवळ आला तेव्हा ललिताक्का सगळ्या बायकांना घेऊन नव्या साहेबांकडं गेली. हौदावरची पाळी पूर्वीसारखी अर्धी-अर्धी करा आणि चिमटीत दाणा येईल असे पातळ मोजे द्या, एवढंच मागणं. सयाजी तिथंच होता. त्यानं साहेबांना पैजेची सगळी कथा रंगवून सांगितली. साहेब बाहेरगावचा, त्याला मौज वाटली. तो म्हणाला, "मग खंडेनवमीलाच होऊन जाऊ दे. या वेळी पुरुष जास्त टिकले, तर पाळी पूर्वीसारखी. मोजेही देतो."

बायका गाडीत चढल्या त्या हसतच. कितीतरी वर्षांनी माझ्या गाडीत हसू ऐकलं. हरायचंय! नुसतं हरायचंय! याहून सोपं काय असतं? ललिताक्काच्या हातावर भाजल्याचा डाग, तिला साहेब उभं करणार नाही. म्हणून प्रीती ठरली. ललिताक्कानं तिला बजावलं, "हात घाल, ‘आई गं’ म्हन आनि काढ. बास."

"व्हय आई."

खंडेनवमी आली. माळा झाल्या, नारळ झाला. पुरुषांकडून माझाच पुतण्या मोहसीन उभा राहिला, पेट्या उचलणारा तगडा पोरगा. दोघांनी हात घातले. मी दाराशी उभा होतो.

प्रीतीनं काढला नाही.

आधी वाटलं, दाखवायला जरा थांबतेय. पण सयाजी सुरू झाला होता. "ए मोहसीन, पोरीपुढं हरतोस व्हय रं? आरं, ती ललिताक्काची लेक हाय, ती काय काढतीया!" सगळे गडी ओरडायला लागले. आणि मी त्या पोरीची हनुवटी वर गेलेली बघितली. ती हनुवटी मी ओळखत होतो. मोहसीनचे डोळे भरून आले होते, पाय चुळबुळत होते, कुठल्याही क्षणी तो हात काढणार होता. आणि त्यानं काढला, की संपलं. हौद बायकांचाच, आणि आता प्रीतीच्या नावानं.

"काढ की गं," चिमणाबाई कुजबुजली.

"प्रीती, काढ," ललिताक्का म्हणाली.

"न्हाई."

"दुखतंय न्हवं?"

"न्हाई दुखत."

आवाजसुद्धा तोच. ललिताक्का माणसांना बाजूला सारत हौदापाशी गेली आणि लेकीच्या हाताशेजारी आपला डाग पडलेला हात पाण्यात घातला. घातला आणि लगेच काढला. पाणी निथळणारा तो हात सगळ्यांच्या डोक्यांवर धरून ती ओरडली.

"दुखतंय! ऐकलासा का समद्यांनी? लई दुखतंय! पयल्या खंडेनवमीला दुखलं, रोज दुखलं, रातच्याला झोपेत दुखलं. मी सांगितलं न्हाय, एवढंच! माझी चूक झाली!"

सयाजीच्या हातातला पेढा हातातच राहिला. प्रीती आईच्या तोंडाकडं बघत होती. मग तिचा चेहरा लहान पोरीसारखा वाकडा झाला, तिनं हात काढला आणि "आई गं" म्हणून आईच्या गळ्यात पडली. मोहसीन बावळटासारखा तसाच उभा. आपण जिंकलोय हे त्याला कळलंच नव्हतं. मीच जाऊन त्याचा हात बाहेर ओढला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. साहेबानं शब्द पाळला, पाळी पुन्हा अर्धी-अर्धी झाली. मोजेही आले, पण ते यायला दिवाळी उलटली, आणि पहिले आले ते गड्यांच्या पंजांच्या मापाचे. चिमणाबाईनं ते दोऱ्यानं बांधून वापरले. ललिताक्काच्या बोटांची टोकं काही परत आली नाहीत. डॉक्टरीण म्हणालीच होती तसं.

त्या खंडेनवमीच्या संध्याकाळी मात्र प्रीती न सांगता पुढच्या सीटवर येऊन बसली. तिला लवकर ऊब मिळावी म्हणून मी झाकणावरची गोधडी जरा बाजूला केली. तिनं पत्र्यावर हात ठेवला आणि किंचाळून मागं घेतला.

"आई गं! मामा, भाजलं की!"

मागून बायका माझ्यावर तुटून पडल्या. अक्कल हाय का न्हाय, पोरीला भाजतोस व्हय. ललिताक्का उठली, हलत्या गाडीत धरत धरत पुढं आली, आणि लेकीचा हात आपल्या हातात घेऊन दिव्याखाली उलटा-सुलटा करून बघितला.

"चटका कळला न्हवं?"

"कळला म्हंजे? केवढ्यानं बसला!"

"बरं झालं," ललिताक्का म्हणाली. "लई बरं झालं बाई."

ती तिथंच, एकीच्या सीटवर दुसरी होऊन बसली आणि लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटले. मी गोधडी परत झाकणावर टाकली आणि गाडी दुसऱ्या गियरमध्ये घातली.